कंपनीचा एकच पॉइंट

“तोडकर, तू कूलर,” सुभेदार नलवडे म्हणाले.

आमची सगळी कंपनी कडुनिंबाखाली मांडी घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी दरबार होता. दरबार म्हणजे महिन्यातून एकदा सीओ साहेब सगळ्या पलटणीला समोर बसवून बोलायचे आणि शेवटी विचारायचे, “किसी का कोई पॉइंट?” नियमानं कुणीही उठावं आणि मनातलं बोलावं. प्रत्यक्षात कंपनीला मिळून एकच पॉइंट असायचा. तो कोण बोलणार आणि कोणत्या शब्दांत बोलणार, हे आदल्या दिवशी सुभेदार ठरवायचे आणि त्याची तालीम घ्यायचे. लोकशाहीचं इतकं शिस्तीतलं नाटक मी पुढं महसूल खात्यातसुद्धा पाहिलं नाही.

“ऊठ. म्हणून दाखव.”

मी उठलो. “साहब, सी कंपनी का पानी का कूलर दो महीने से बंद है. जवानों को गरम पानी पीना पड़ता है.”

“दो महीने काढ त्यातनं. साहेबांना वाटंल आमी दोन महिने झोपा काढल्या. नुसतं बंद है म्हण.”

विदर्भातली छावणी, मे महिना. नळाच्या पाण्यात चहाची पत्ती टाकली असती तर रंग सुटला असता. कूलरवर सगळ्यांचा जीव अडकला होता, आणि तो पॉइंट माझ्याकडे आला तो माझी हिंदी बरी म्हणून. हिंदी बरी का, तर पुस्तकं वाचतो म्हणून. आणि पुस्तकं वाचतो याच गोष्टीचा सुभेदार साहेबांना सगळ्यात जास्त राग होता.

मी बसलो नाही. “साहेब, माझ्या आउटपासचं काय झालं?”

“कसला आउटपास?”

त्यांना पक्कं माहीत होतं. याच कामासाठी मी त्यांच्यापुढं कितीदा उभा राहिलो होतो. तरी पुन्हा सांगितलं. मुक्त विद्यापीठाचे बीएचे शेवटचे दोन पेपर, शहरातल्या कॉलेजात, लागोपाठच्या दोन दुपारी. नोंदणीची मुदत या वर्षी संपते. हे दोन हुकले तर सहा वर्षांत दिलेले सगळे पेपर पाण्यात.

“ऐका रं,” सुभेदार कंपनीकडे वळून म्हणाले. “लान्स नाईक केरबा तोडकर बीए होनार. मंग रायफल आमी धरायची आन् ह्येनं आमाला भाषण द्यायचं.” लोक हसले. सुभेदार हसल्यावर हसणं हे आमच्याकडे कवायतीतच धरलं जायचं. “फायरिंगचा सीझन हाय. कंपनीतनं कुनालाबी आउटपास न्हाई. परीक्षेला तर न्हाईच न्हाई. बस खाली.”

मी बसलो. पण माझ्या डोक्यात तेव्हाच ठरलं होतं. पंधरा वर्षं नोकरी करून गावी गेलेले आमच्या भावकीतले तीन जण साखर कारखान्याच्या गेटवर शिट्टी घेऊन उभे होते. मला शिट्टी नको होती. माजी सैनिकांच्या कोट्यातून तलाठ्याची परीक्षा द्यायची, तर पदवी हवी होती. आणि माझ्या पदवीच्या वाटेत हा एक माणूस दगडासारखा बसला होता.

दुसऱ्या दिवशी दरबारात ए कंपनीचा माणूस उठला, त्यानं सिनेमा मागितला. बी कंपनीनं व्हॉलीबॉलची जाळी मागितली. मग सीओ साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी उठून ताठ उभा राहिलो.

“साहब, लान्स नाईक तोडकर, सी कंपनी. मेरे बीए के आख़िरी दो पेपर हैं. आउटपास की अर्ज़ है.”

पुढं खुर्च्यांवर बसलेल्या सुभेदार साहेबांची मान तसूभरही वळली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागूनसुद्धा दिसल्या. सीओ साहेब मात्र एकदम खूश झाले. शिकणारा जवान पलटणीची शान असतो, असं पाच मिनिटं बोलले. मग म्हणाले, “नलवडे साहब, यह लड़का दोनों पेपर देगा. आप देख लीजिए.”

“जी साहब.”

टाळ्या झाल्या. सी कंपनीत कुणी वाजवल्या नाहीत.

बाहेर आल्यावर माझ्या सेक्शनचा नाईक गुंडू पाडळकर मला आडवा आला. हा माझ्याच आजरा भागातला, माझ्याआधी चार वर्षं भरती झालेला, मला धाकट्या भावासारखं वागवणारा.

“कूलर कुठाय?” त्यानं विचारलं.

“गुंडूदा, माझी मुदत संपत होती.”

“आन् आमची तहान संपली व्हय? शंभर मान्सांचा एक पॉइंट. त्यो तू एकट्यानं खाल्लास. आपलंच घोडं पुढं दामटलंस.”

“मी पुढच्या दरबारात...”

“पुढच्या दरबारापत्तर मे संपतोय. आता माझ्याशी बोलू नगंस. पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर केलंस, आता बस पवत.”

त्याचं खरं होतं आणि मला ते तेव्हाही कळत होतं. पण सरळ मागून मिळालं असतं तर मी त्यांच्या कूलरला हात लावला नसता, हेही तितकंच खरं होतं, आणि ते कुणाला ऐकायचं नव्हतं. त्या दिवसापासून लंगरमध्ये मी ज्या बाकावर ताट घेऊन बसायचो तो रिकामा व्हायचा. बराकीत मी शिरलो की पत्त्यांचा डाव मोडायचा. सुभेदार साहेबांना मला वेगळी शिक्षा द्यायची गरजच उरली नाही. तरी त्यांनी दिली. रोज संध्याकाळी पाठीवर भरलेला पिठ्ठू, हातात रायफल, आणि मैदानाला फेऱ्या. ते स्वतः कडेला खुर्ची टाकून बसायचे.

“बीएत ह्ये शिकवत्यात का न्हाई?” मी समोरून पळताना ते विचारायचे.

“नाही, साहेब.”

“मंग अपुरंच हाय म्हनायचं तुझं शिक्षान. अजून दोन मार.”

पहिल्या पेपरच्या दिवशी सीओंचा हुकूम होता म्हणून त्यांना मला सोडावं लागलं. ते स्वतः त्या सकाळी गालाला रुमाल बांधून होते. दाढ ठणकतेय, दुपारी मिलिटरी हॉस्पिटलात जाऊन येतो, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. मला मनापासून बरं वाटलं.

कॉलेजात माझा नंबर खिडकीकडच्या रांगेत होता. वर्गात दुकानातले कारकून, दोन अंगणवाडीताई, एक एसटीचा कंडक्टर, आणि लग्नानंतर पुन्हा शिकायला बसलेल्या पाचसहा बायका होत्या. उत्तरपत्रिका वाटायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात दारातून पांढरा शर्ट घातलेला एक माणूस आत आला, हातात हॉल तिकीट धरून बाकांवरचे नंबर वाचत. गालाला रुमाल बांधलेला.

माझं डोकं काही विचार करायच्या आत माझे पाय उभे राहिले होते. टाचा जुळल्या, मुठी मांड्यांना लागल्या, छाती पुढं.

“राम राम, साहेब!”

नऊ वर्षांची सवय. परेड मैदानावर जो आवाज लागतो, तोच लागला. सगळा वर्ग वळला. एक अंगणवाडीताई तर घाबरून अर्धवट उभी राहिली. सुभेदार नलवडे दोन रांगांमध्ये थिजले. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही.

“तुम्ही साहेब आहात का? तपासणीला आलात?” पर्यवेक्षक मॅडमनी विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “परीक्षेला.”

त्यांचा नंबर बरोबर माझ्या मागे होता. बाक करकरला. मानेवर त्यांचा श्वास यायला लागला.

“बस की खाली, गाढवा,” ते दातांतून म्हणाले. दाढ ठणकणाऱ्या माणसाला दात इतके आवळता येत नाहीत.

राज्यशास्त्राचा पेपर होता. मी लिहायला लागलो आणि पहिला तास मागं कोण आहे हे विसरलो. मग माझ्या बाकाला बूट लागला. एकदा. दोनदा.

“तोडकर. तीन नंबर.”

मी लिहीत राहिलो.

“पेपर उजवीकडं सरकव. हुकूम हाय माझा.”

आता हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा डोक्यात सणक गेली. ज्या पेपरला यायला या माणसानं मला बंदी घातली, ज्याच्यासाठी रोज संध्याकाळी घाम गाळायला लावला, त्याच पेपरातलं त्याला माझं बघून लिहायचं होतं, आणि तेही हुकूम देऊन. मी डावा हात उत्तरपत्रिकेवर आडवा ठेवला, कोपरापर्यंत, आणि आणखी पुढं वाकलो.

“इथं हुकूम मॅडमचा आहे, साहेब,” मी पुटपुटलो. पण पुरेसं हळू पुटपुटलो नाही.

“काय चाललंय तिकडं?” मॅडम आल्या. त्यांनी माझा आडवा हात पाहिला, सुभेदारांची लांब झालेली मान पाहिली. “काका, या वयात? उठा. पुढं या, माझ्या टेबलासमोर बसा.”

सुभेदार नलवडे उठले. ज्यांच्या एका शब्दावर शंभर माणसं उठायची, ते उत्तरपत्रिका छातीशी धरून वर्गातून पुढं चालत गेले. कुणीतरी खुसखुसलं. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. भरपूर झाला.

पेपर सुटल्यावर कॉलेजच्या सायकल स्टँडपाशी त्यांनी मला गाठलं. रुमाल आता खिशात होता.

“उद्याचा पेपर इसर,” ते म्हणाले.

“सीओ साहेबांनी दोन्ही पेपर सांगितलेत.”

“सीओ साहेब आजच ब्रिगेडला गेल्यात. कंपनी कमांडर मेजर साहेब सुट्टीवर. उद्या रेंजवर कंपनीचं फायर हाय आन् ड्युटी मी लावनार.”

“उद्या तुमचाही पेपर आहे, साहेब.”

“माझं मी बघीन.”

“पुन्हा दाढ दुखणार?”

मला वाटलं ते मारणार. हात अर्धा उचललाही होता. शेजारून दोन पोरी सायकली काढत होत्या, म्हणून तो खाली आला.

“साहेब, तुम्ही स्वतः बीएला बसलाय,” मी म्हणालो. “मग माझ्याशीच का वैर? बरोबर आलो असतो. नोट्स दिल्या असत्या मी तुम्हाला.”

“म्हनूनच,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“दोनदा नापास झालोय मी. ही तिसरी खेप, आन् माझीबी मुदत ह्याच साली संपतिया. कंपनीत कुनाला ठाव न्हाई. घरात बायकोला ठाव न्हाई. तू पयल्या फटक्यात पास हुनार, मला म्हाईत हाय. मंग उद्या सकाळी मी तुला ‘सावधान’ म्हनलो, तर तू माझ्या तोंडाकडं बघून काय इचार करशील? आन् तुझ्या मागची शंभर मान्सं?” त्यांनी आजूबाजूला पाहून घेतलं. “म्हनून कंपनीतनं कुनालाच सोडलं न्हाई परीक्षेला. कुनीच नसंल तर कुनी बघायचं न्हाई.”

मला वाटत होतं, यांना शिक्षणाचा तिटकारा आहे. तिटकारा कसला, भूकच होती, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून हा माणूस दुसऱ्यांची ताटं लाथाडत होता. मला कीव आली असती. पण माझंही ताट त्यातच होतं.

“मी कुणाला बोलणार नाही,” मी म्हणालो. “मला उद्या सोडा.”

“तुझ्या तोंडाला मी कुलूप घालू शकत न्हाई. ड्युटी लावू शकतो.”

आणि त्यांनी ती लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉलइनमध्ये कंपनी रांगेत उभी राहिली आणि नावं वाचली गेली. फायर करणारे, निशाणांपाशी खंदकात बसणारी बट पार्टी, पाणी पार्टी. “लाल झेंडा संतरी, लान्स नाईक तोडकर.” लाल झेंड्याचा संतरी म्हणजे रेंजच्या टोकाला, रस्त्याच्या तोंडाशी, हातात झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस. फायर चालू असेपर्यंत गुरं, बायामाणसं, सायकलवाले आत येऊ द्यायचे नाहीत. सावली नाही, बसणं नाही, संध्याकाळी फायर थांबेपर्यंत बदली नाही. कंपनीतल्या सगळ्यात नव्या शिपायाला देतात ती ड्युटी.

गालाला रुमाल बांधून सुभेदार साहेब पुढं उभे होते. शेवटी त्यांनी नेहमीचं विचारलं, “कोई शक?”

याला उत्तर एकच असतं. सगळी कंपनी एका आवाजात “नहीं साहब” म्हणते. त्या दिवशीही म्हणाली. ते शांत झाल्यावर मी एकटा म्हणालो, “शक है, साहब.”

शेजारच्या गुंडू पाडळकरानं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. फौजेत असं कुणी म्हणत नाही. म्हणायचं नसतंच.

“बोल.”

“आज दुपारी पेपर आहे, साहेब.”

“तुझा पेपर फायरिंगपरास मोटा न्हाई.”

“माझा एकट्याचा नाही, साहेब. तुमचाही आहे. कालही आपण एकाच वर्गात होतो. माझ्यामागचा नंबर तुमचा. दाढ तुमची ठीक आहे.”

शब्द तोंडातून बाहेर पडले. कवायतीच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट. मला वाटलं होतं, आता कंपनी हसेल. आतून मी त्या हसण्याची वाटच बघत होतो. कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही. नायब सुभेदार जमिनीकडे बघायला लागले.

सुभेदार नलवडेंनी सावकाश गालावरचा रुमाल सोडला आणि घडी करून खिशात ठेवला.

“तोडकर पेपरला जाईल,” ते म्हणाले.

“आणि झेंडा, साहेब?” नायब सुभेदारांनी विचारलं.

“झेंडा मी धरतो.”

“साहेब, आपण कसं... एखादा शिपाई देतो की मी.”

“ड्युट्या लावून झाल्यात. एक मानूस कमी झाला, तर ज्यानं लावली त्यानं भरायची. कोई शक?”

“नहीं साहब,” कंपनी म्हणाली. तो आवाज मी त्या मैदानावर इतका मोठा कधी ऐकला नव्हता. फॉलइन सुटल्यावर गुंडूदा माझ्या अंगावरूनच गेला. “साहेबांची अब्रू काढलीस,” एवढंच म्हणाला, आणि माझी बदली होईपर्यंत तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

इतिहासाचा पेपर होता. माझ्या मागचा बाक रिकामा होता. मॅडमनी येऊन विचारलं, “कालचे काका नाही आले?” मी नाही म्हणालो आणि लिहायला लागलो. पेपर उत्तम गेला. त्याच पेपरवर मी बीए झालो, त्या पदवीवर तलाठी, आणि पुढं मंडल अधिकारी.

परत येताना मी मुद्दाम रेंजच्या रस्त्यानं आलो. फायर अजून चालू होतं. सुभेदार नलवडे रस्त्याच्या तोंडाशी उभे होते, झेंड्याची काठी दोन्ही हातांत धरून. चेहरा भाजल्यासारखा झाला होता, आणि वर्दी पाठीवर वाळून मिठानं पांढरी पडली होती. मी सायकलवरून उतरलो.

“साहेब, द्या. उरलेला वेळ मी उभा राहतो.”

“पेपर झाला?”

“झाला.”

“कसा हुता?”

“सोपा होता.”

“तिसरा काय इचारला?”

तिसऱ्यालाच वीस गुण होते. तिसऱ्यावरच त्यांची गाडी दोनदा अडली असणार.

“साताऱ्याचं प्रतिसरकार,” मी म्हणालो. “स्थापना आणि कार्य.”

मागं रेंजवर एकामागून एक गोळ्या सुटत राहिल्या. ते म्हणाले, “माझा बाप हुता त्यात.”

मी काठीला हात घातला. त्यांनी ती सोडली नाही.

“जेवताना रोज त्येच सांगायचा,” ते म्हणाले. “कटाळा यायचा आमाला.” मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “हात काढ. ड्युटी माझी हाय. पीछे मुड.”

मी पाठ फिरवली आणि सायकल हातात धरून चालायला लागलो. माझी बायको म्हणते, मला त्या माणसाचं वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. भांडण मी जिंकलो होतो, पेपर मी दिला होता, आणि हा माणूस तिथं उभा राहून ते सगळं माझ्याकडून परत घेत होता.